जवारी आणि कलम अठ्ठ्याऐंशी

तस्नीमला विचारलेला प्रश्न अगदी सोपा होता. बोलण्याखेरीज दुसरा एखादा आवाज ऐकण्यासाठी हा फोन वापरणारं कुणी म्हातारं माणूस तुमच्या पाहण्यात आहे का? एवढंच. आणि ती 'नाही' म्हणाली. मिरजेत, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत जन्मलेली, वाळत घातलेल्या भोपळ्यांमध्ये लपंडाव खेळून मोठी झालेली मुलगी, आणि ती सरळ 'नाही' म्हणाली. बरं, प्रश्न कळला नव्हता म्हणावं तर तसंही नाही. चांगला कळला होता. उत्तर द्यायला तिनं अर्धा श्वाससुद्धा घेतला नव्हता.

पण हे असं मधूनच सांगून भागायचं नाही. आधी तिची नोकरी काय होती ते सांगतो.

२०३४ साली आपल्याकडे दुकानात जाऊन, चार फोन हातात घेऊन, त्यातला एक निवडणं ही गोष्ट जवळजवळ संपली होती. दहातले आठ लोक फोन घ्यायचे ते थेट मोबाईल कंपनीकडून, दोन वर्षांच्या प्लॅनबरोबर. फोन फुकट. फुकट म्हटल्यावर माणूस रंग निवडतो आणि गप्प बसतो. त्यामुळे फोन बनवणाऱ्यांचं खरं गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही राहिलोच नव्हतो. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे 'झुळूक' नेटवर्क. झुळूकनं नाही म्हटलं की तो फोन या देशात जन्मलाच नाही असं समजायचं. आणि हो म्हणायच्या आधी झुळूक एक यादी पुढं करायची. दोनशे चौदा कलमांची. बटण कुठं असावं, कुठलं ॲप काढता येऊ नये, बॅटरी किती टिकावी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोननं स्वतःच्या अकलेनं काय करावं आणि काय टॉवरला विचारून करावं. ही यादी झुळूकच्या पुण्याच्या ऑफिसात, हँडसेट मान्यता विभागात तयार व्हायची. तिथं बाणेरच्या सहाव्या मजल्यावर तस्नीम बसायची. आवाजाची सगळी कलमं तिच्याकडं होती. सत्तर ते पंच्याण्णव.

त्या वर्षी तैवानच्या एका छोट्या कंपनीनं एक फोन पाठवला. दिसायला चारचौघांसारखा, निळा. पण त्यात 'श्रवण' नावाची सोय होती. ती कशासाठी, हे समजायला कानाची थोडी माहिती हवी. आपल्या कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात केसांसारखे तंतू. घनगंभीर आवाज टिपणारे तंतू खोल आत, आणि बारीक, उंच आवाज टिपणारे अगदी दाराशी. साठ-सत्तर वर्षं कानात शिरणारा प्रत्येक आवाज दाराशी बसलेल्यांना तुडवूनच आत जातो. म्हणून वय झालं की तेच आधी मरतात. ढोल ऐकू येतो, पैंजण येत नाही. या फोनमधली चिप आजूबाजूचा आवाज ऐकायची, त्या माणसाचा कान कुठं किती मेलाय हे तिला ठाऊक असायचं, आणि नेमका तेवढाच भाग उचलून, कानातल्या दोन छोट्या बोंडांमधून आत सोडायची. सगळं एका सेकंदाच्या तीनशेव्या भागात. टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, प्लॅन लागत नाही. आणि नेमकी हीच झुळूकची अडचण होती.

तपासणीसाठी बारा नमुने आले होते. त्यातला एक तस्नीमनं पिशवीत घातला आणि डिसेंबरात ईदला मिरजेला नेला. हे नियमात बसत नव्हतं. नमुना प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही, असं दारावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तिनं वहीत 'कपाटात' असं लिहिलं आणि निघाली.

तिचे अब्बा, दस्तगीर, त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे. गल्लीत जवारी लावावी तर दस्तगीरनं, असं चाळीस वर्षं लोक म्हणत आले. जवारी म्हणजे काय ते सांगतो. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा बघायला सपाट, पण त्याला केसभर उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उताराला घासते, सुटते, परत घासते, आणि एका स्वरातून वरचे दहा-वीस स्वर फुलून येतात. तो झंकार म्हणजे जवारी. कानशीनं घासून घासून ती काढायची. एक घास कमी पडला तर तंबोरा मुका, एक जास्त झाला तर पत्र्यासारखा. आणि हे मोजायला जगात दुसरं साधन नाही, फक्त कान. आता बघा, जवारीचे ते वरचे स्वर नेमके तिथंच असतात जिथं म्हाताऱ्याचा कान आधी जातो.

चार वर्षांपासून अब्बांना जवारी ऐकू येत नव्हती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. एक दिवस पुतण्याला, शकीलला हाक मारली, आजपासून जवारी तू लाव म्हणाले, आणि स्वतः भोपळे घासायला बसले. शकील चाळिशीचा, हाताचा चांगला, पण त्यालाही ठाऊक होतं की आपण दुसऱ्याच्या गादीवर बसलोय. अम्मी गेल्यापासून अब्बांचं जेवणखाण शकीलच्याच घरी होतं. तरी कामाचं बोलणं दोघांत कमी झालं होतं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तस्नीमनं अब्बांच्या कानात ती बोंडं बसवली, फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला. आधी ते तिचंच बोलणं ऐकून हसले. मग भिंतीला टेकून ठेवलेला तंबोरा त्यांनी जवळ ओढला. तार छेडली. आणि हात तसाच हवेत राहिला. परत छेडली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्यांना ते पुसायचंही सुचेना. त्या घरात बोली दख्खनी, पण कामाचं आणि रागाचं सगळं मराठीत. अब्बा मराठीत म्हणाले, "शकीलला बोलव. म्हणावं कानस घेऊन ये."

शकील आला. अब्बांनी त्यानं लावलेली घोडी पाहिली, एकदा ऐकली, दोन घास कमी आहेत म्हणाले, आणि दोन घास दिले. मोजून दोन. तंबोरा असा उमलला की समोरच्या दुकानातला म्हातारा कारागीर उठून दारात आला. शकीलनं खाली वाकून चाचांच्या पायाला हात लावला. त्याला वाईट वाटलं नाही, असं तो नंतर म्हणाला, उलट ओझं उतरलं.

त्या दिवशी तस्नीमचा ऊर भरून आला होता. आपण अब्बांना त्यांचं आयुष्य परत दिलं, असं तिला वाटलं. आणि खरंच दिलं होतं. म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

जानेवारीत बैठक झाली. झुळूकचं म्हणणं ठरलेलं होतं. ही सोय फोननं स्वतः करायची नाही. फोननं आवाज टॉवरकडं पाठवावा, टॉवरच्या पायथ्याशी झुळूकचं यंत्र तो साफ करेल आणि परत पाठवेल. मग ती झुळूकची 'श्रवणसेवा' होईल, प्लॅनला बांधलेली. आता फोनवरचा सगळा आवाज सारखा वर पाठवत राहिलं तर हवेतली जागा अपुरी पडते. म्हणून कलम अठ्ठ्याऐंशी असं होतं, की फक्त माणसाचं बोलणं पाठवायचं आणि बाकीचं गाळायचं. गाळायचं कसं? तर जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंखा, एसी किंवा मिक्सर समजायचा. बोलणं सारखं बदलतं, गोंगाट बदलत नाही. तर्क चुकीचा नव्हता. फक्त जगात एक वाद्य असं आहे जे मुळात न बदलण्यासाठीच बनवलेलं आहे. यंत्राच्या लेखी तंबोरा म्हणजे पंखा. आणि चिपमधली श्रवणाची जी मूळ जागा होती, तिच्याकडं जाणारी केसाहून बारीक तार कारखान्यातच जाळून टाकायची. एकदा जळली की ती जोडता येत नाही.

हे कलम लिहिलं तस्नीमनं. वरून आलेल्या सूचनेला शब्द द्यायचे, तेवढंच काम. ते करताना तिला अब्बा आठवले नाहीत का? आठवले. तिनं स्वतःला सांगितलं की अब्बांकडं नमुना आहे, त्यांचं काय जातंय.

तैवानहून पडद्यावर लिन नावाची एक बाई बोलत होती. पन्नाशीची, शांत. श्रवणाची चिप तिनंच बनवली होती. बोलण्याशिवाय बाकी सगळं गाळण्याची तिला धास्ती वाटत होती. तिनं नेटानं विचारलं, की माझ्याकडं भारताची माहिती नाही, पण तुम्ही तिथल्या आहात. दुसरा एखादा आवाज ऐकायला हे वापरणारं कुणी पाहिलंय का? एक जरी उदाहरण असलं तरी मी माझ्या वरिष्ठांना सांगून ती तार वाचवू शकेन.

खोलीत तस्नीमचे साहेब होते, कायदा बघणारे दोघं होते. हो म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, कुठं पाहिलंत? मग नमुना घरी नेल्याचं उघड होणार. एप्रिलमध्ये तिच्या बढतीचा निर्णय होता. हे सगळं डोक्यात यायला किती वेळ लागतो? काहीच नाही. "नाही," ती म्हणाली. "असं काही पाहण्यात नाही." लिनबाईंनी मान हलवली, आभार मानले, आणि कलम मंजूर झालं.

मार्चमध्ये नमुने परत मागवले. झुळूकची पद्धत अशी होती, की मान्यता मिळाली की सगळे नमुने दोन साक्षीदारांसमोर यंत्रात घालून चुरायचे, म्हणजे मूळ चिप बाहेर कुणाच्या हाती राहायला नको. बारा म्हणजे बारा भरले पाहिजेत. तस्नीम मिरजेला गेली आणि फोन अपडेट करून आणते म्हणाली. अब्बांनी निमूट काढून दिला. पुढच्या रविवारी तिनं कर्मचाऱ्यांच्या वाट्याचा नवा फोन आणला, तोच निळा रंग. जुन्या फोनचं ओरखडे पडलेलं कव्हरसुद्धा तिनं त्यावर चढवलं. कानात बोंडं बसवून विचारलं, ऐकू येतंय ना? येतंय की, अब्बा म्हणाले, उलट आधीपेक्षा तुझा आवाज स्वच्छ आला. तिचा जीव भांड्यात पडला. तंबोरा समोरच होता. छेडून बघा, असं तिनं म्हटलं नाही. काम आहे म्हणाली आणि दुपारच्या गाडीऐवजी सकाळचीच धरली.

आता अब्बांच्या कानात काय होत होतं ते बघा. तार छेडली की पहिला ठोका यायचा, कारण यंत्राला अजून ठरवायचं असायचं. मग अर्ध्या सेकंदात यंत्र ठरवायचं की हा पंखा आहे, आणि झंकार फुलायच्या आत खुडला जायचा. अब्बांना वाटलं, घोडी बंद आहे. जवारी उघडत नाहीये. मग काय करायचं? घासायचं. त्यांनी घासलं. परत छेडलं, परत मुकं. परत घासलं.

इतरांच्या कानांना ते ऐकू येत होतंच. घोडी केव्हाच बिघडून तंबोरा टिनाच्या डब्यासारखा वाजत होता. पण त्या गल्लीत एक रीत आहे. थोरल्यानं लावलेल्या जवारीवर धाकट्यानं बोलायचं नाही. बोललं तर तो त्याच्या कानाचा अपमान. शकील शेजारी बसून ऐकत राहिला. चाचांना काहीतरी नवीन सापडलंय, आपल्यालाच ते कळत नाहीये, असंही त्याला अधूनमधून वाटायचं. जे माणूस डिसेंबरात दोन घासांत तंबोरा उमलवतं त्याला काय सांगणार?

मे महिन्यात तस्नीमला धारवाडहून फोन आला. शरयू हिरेमठ, गाणाऱ्या बाई. साठीच्या. आजवर तंबोऱ्यांच्या दोन जोड्या त्यांनी अब्बांकडून घेतल्या होत्या, ही तिसरी. बाई कशाबशा बोलल्या. जोडी आलीय, लाकूड, भोपळ्यावरची तबली, सगळं देखणं आहे, पण जवारी... त्या थांबल्या. "तुमच्या वडिलांना सांगायचा मला धीर होत नाही. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

तस्नीमनं त्या क्षणी ओळखलं. ओळखायला काही उरलंच नव्हतं. मी बघते म्हणाली, फोन ठेवला, आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात स्वतःकडं बघवेना. बढतीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते.

शनिवारी ती मिरजेत पोचली तेव्हा उशीर झाला होता. शरयूबाई बोलल्या नव्हत्या, तरी त्यांच्या साथीदारानं कुणाला तरी सांगितलं, त्यानं आणखी कुणाला. बातमी आदल्या दिवशी अब्बांपर्यंत आली होती. त्यांनी वाद घातला नाही. आपल्या नऊ कानशी एका धुतल्या फडक्यात गुंडाळल्या, शकीलच्या पुढ्यात ठेवल्या आणि गल्लीतल्या चार जणांसमोर सांगितलं की माझा हात गेला. दोन महिन्यांत माझ्याकडून गेलेले सगळे तंबोरे परत मागवा, शकील नीट करून देईल. मग ते आत जाऊन पडून राहिले. जेवले नाहीत. शकीलनं हे सांगताना तस्नीमच्या नजरेला नजर दिली नाही. आपण वेळेवर बोललो नाही याचीच त्याला लाज वाटत होती. बिचारा शकील. त्याची काय चूक?

आत अब्बा खाटेवर भिंतीकडं तोंड करून होते. फोन खिशात, बोंडं कानात. तिनं त्यांच्या पायाशी बसून सांगितलं. हात गेला नाही, फोन बिघडलाय. म्हणजे बिघडलाही नाही, तो बनवलाच तसा आहे. तो फक्त बोलणं ऐकवतो. जो आवाज सलग चालतो त्याला तो पंखा समजतो आणि गाळून टाकतो. आधी दिलेला होता तो वेगळा होता, तो परत द्यावा लागला. मी तुम्हाला सांगितलं नाही.

अब्बा उठून बसले. मग खाटेवरून उतरून त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. डोक्यावरचा जुना पंखा खडखडत फिरायला लागला, सबंध घराला ऐकू जाईल असा. अब्बा मान वर करून त्याच्याकडं बघत उभे राहिले. त्यांच्या कानात काहीच येत नव्हतं. कळायला त्यांना दुसरं काही लागलं नाही. कारागीर माणूस.

"म्हणजे माझा हात गेला नाही?"

"नाही अब्बा."

ते मटकन खाटेवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले. कान गेला ती अल्लाची मर्जी, ते म्हणाले, त्याला मी काय करणार? पण हात गेला असता तर तो माझा गुन्हा झाला असता. त्यांनी बोंडं कानातून काढली, फोन कपाटाच्या तळाशी टाकला आणि शकीलला मोठ्यानं हाक मारली. भूक लागली होती त्यांना. फोन असा कुणी बनवला, हे त्यांनी विचारलं होतं. कंपनीनं, असं तस्नीम म्हणाली होती. कंपनी म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. वडील कालपासून उपाशी होते, आत्ता कुठं जेवतायत, आता कशाला, असं तिनं स्वतःला समजावलं. समजवायला तिला नेहमीच काहीतरी सापडायचं.

संध्याकाळपर्यंत अब्बा गल्लीभर फिरून आले. दुकानादुकानात थांबून सांगितलं, फोनची खोड होती, माझ्या पोरीनं शोधून काढली. पुण्याहून धावत आली, एका मिनिटात खोड सांगितली. मोठ्या कंपनीत आहे, उगीच नाही. लोक येऊन तिचं कौतुक करून गेले. समोरच्या म्हाताऱ्या कारागिरानं तिच्या डोक्यावर हात ठेवून दुवा दिली. घरात शिरखुर्मा झाला, ईद नसताना. प्रत्येक शब्दासरशी जमीन दुभंगावी असं तिला होत होतं, आणि तरी ती हसत होती, मान हलवत होती. आपल्याला हे जमतंय, याचीच तिला किळस आली.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास शरयूबाई स्वतः गाडी करून आल्या. जोडी बरोबर होती. अब्बांनी त्यांना दुकानात गादीवर बसवलं, चहा मागवला आणि सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली, पंख्यासकट. दुकान रस्त्यालाच उघडं, दोन्ही बाजूंना कारागीर बसलेले. कानशींचा आवाज गल्लीत भरून होता. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. शकीलनं घोडी बघितली, नवी बसवावी लागेल म्हणाला. अब्बा म्हणाले बसव, मी बाजूला बसतो, हात कसा धरायचा ते सांगतो. सगळं जुळून येत होतं.

मग शरयूबाई चहाचा कप खाली ठेवत सहज म्हणाल्या, की मला एक नवल वाटतं. एवढी मोठी कंपनी, एवढी हुशार माणसं. म्हाताऱ्या माणसाला बोलण्याशिवायही काही ऐकायचं असेल, हे एकालाही सुचू नये?

त्यांनी कुणाला उद्देशून विचारलं नव्हतं. उत्तर द्यायची गरज नव्हती. तस्नीमच्या तोंडून ते निघून गेलं, जवळजवळ पुटपुटल्यासारखं.

"सुचलं होतं. मला विचारलंही होतं. मी नाही म्हणाले."

शरयूबाईंचा चेहरा बदलला. शकीलचा हात घोडीवर थांबला. अब्बांच्या कानात आता बोंडं नव्हती. त्यांना फक्त तिचे ओठ हललेले दिसले.

"काय म्हणाली ती?" त्यांनी शकीलला विचारलं.

शकीलनं तस्नीमकडं पाहिलं. सगळं कळूनही तो म्हणाला, "काही नाही चाचा, असंच," आणि परत कामाला लागल्यासारखं केलं. शरयूबाईंनी पदर सावरून मान दुसरीकडं वळवली. दोघांनी मिळून तिला वाट करून दिली होती. तिनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"अब्बा, मी म्हणाले," ती बोलली, "की मला विचारलं होतं."

अब्बांनी तळहात कानामागं धरला. "मोठ्यानं बोल की गं."

ती मोठ्यानं बोलली. त्यांनी भुवया आक्रसून परत मान हलवली. चार वर्षांत त्यांचा कान आणखी गेला होता. कालपर्यंत फोनमुळं ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी ती उभी राहिली आणि ओरडली. त्या ओरडण्यात मागेपुढे करता येत नाही, शब्द फिरवता येत नाहीत, पण-परंतु करता येत नाही. ओरडून सांगायचं तर जे आहे तेच सांगावं लागतं.

"फोन माझ्या सहीनं असा झालाय. तैवानच्या बाईनं विचारलं, बोलण्याशिवाय दुसरं काही ऐकणारं कुणी माहीत आहे का? एक जरी असलं तर फोन होता तसा ठेवते म्हणाली. मी नाही म्हणाले. तुम्हाला ऐकताना बघून धड महिना-दीड महिना झाला नव्हता, तरी नाही म्हणाले. नोकरीसाठी."

डावीकडच्या दुकानातली कानस थांबली. मग उजवीकडची. मग समोरची. सबंध गल्ली गप्प झाली. कुणी उठून आलं नाही, कुणी डोकावलंही नाही, सगळे आपापल्या जागी मान खाली घालून बसले. तिला वाटलं, त्यांनी येऊन बघितलं असतं तर बरं झालं असतं.

अब्बांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ती रागाची वाट बघत होती, राग तिला पेलला असता. ते विचार करत होते, एखादी घोडी कुठं अडकतेय ते बोटानं चाचपावं तसा.

"ती बाई," ते म्हणाले, "तैवानची. तिनं तंबोरा बघितलाय कधी?"

तस्नीमनं मानेनंच नाही म्हटलं.

"नाव तरी ऐकलं असेल?"

तिनं परत मान हलवली.

"तरी तिला सुचलं," अब्बा म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं जोरात म्हणाले, त्यामुळं ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

मग त्यांनी शकीलकडं वळून नवी घोडी मागितली, ती उजेडात धरून बघितली आणि त्याच्या हातात परत दिली. इथून सुरू कर म्हणून नखानं खूण केली. शरयूबाईंना आणखी चहा हवा का विचारलं. बाई नको म्हणाल्या. तस्नीम अजून उभीच होती. खाली बसावं की निघून जावं तिला कळत नव्हतं. अब्बांनी घोडीवरची नजर न काढता विचारलं, "तुझी गाडी कितीची आहे?"

"पाचची," ती म्हणाली.

ते त्यांना ऐकू गेलं नाही. आणि या वेळी मोठ्यानं बोल, असंही ते म्हणाले नाहीत.